विहिणीबरोबर, बूडो ते हार्स्टा

बूडोच्या धक्क्यावर आम्ही बोटीत चढलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि गार्गीच्या घरातून निघाल्यापासून माझ्या विहीणबाई माझ्याशी फक्त एकदा बोलल्या होत्या. शिडी चढताना मागे वळून त्या "पायरी ओली आहे, जपून" म्हणाल्या, तेवढंच.

बूडो हे नॉर्वेच्या उत्तर भागातलं समुद्रकाठचं गाव. माझी मुलगी गार्गी तिथल्या विद्यापीठात समुद्रातल्या शेवाळावर काम करते. दोन वर्षांपूर्वी तिने तिथल्याच एरिकशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आम्ही नवराबायकोने ते हैदराबादला, चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरी, फोनच्या पडद्यावर पाहिलं. हे कोर्टात पेशकार म्हणून निवृत्त झालेले. जे काही करायचं ते रीतसर असं मानणारे. त्यांनी कोट घालून फोनसमोर उभं राहून अक्षता टाकल्या. पुढचे चार दिवस त्या घरभर सापडत होत्या.

तिला दिवस गेले तेव्हा आमचं ठरलं होतं की मी ऑगस्टमध्ये, बाळाच्या वेळेला जायचं. पण पाचव्या महिन्यात तिला त्रास झाला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आणि मी मार्चच्या शेवटीच निघाले. ह्यांचे गुडघे प्रवासाला तयार नाहीत, म्हणून एकटीच. देवाच्या दयेने महिन्याभरात गार्गी हिंडूफिरू लागली. मात्र मला मिळालेल्या व्हिसावर तिथे नव्वद दिवसच राहता येतं, आणि ते दिवस असे आधीच खर्च झाले होते. जूनच्या अखेरीला मी परत येणार आणि बाळ येणार ऑगस्टमध्ये. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मी तीन महिने तिच्याजवळ राहून ऐन वेळेला नसणार, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

एरिकला रजा मिळणार होती. तिथे बापालाही महिनोन्महिने रजा असते. मुलगा गुणी आहे, भाजी चिरतो, कपडे घड्या घालून ठेवतो. पण बाळंतपणाच्या खोलीत एक वयस्क बाई हवी असं माझं मन सांगत होतं, आणि तशी बाई म्हटली तर एकच होती, एरिकची आई इंगर.

इंगरबाई माझ्याच वयाच्या, साठी ओलांडलेल्या. उंच, सडसडीत, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. त्या उत्तरेला हार्स्टा गावात एकट्या राहतात. मी तिथे असताना दोनदा येऊन गेल्या. येताना हाताने विणलेले लोकरीचे इवलेसे पायमोजे आणले, टेबलावर ठेवले, दुधाशिवायची काळी कॉफी प्यायल्या आणि खिडकीशी बसून राहिल्या. गार्गीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला नाही. काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं नाही. त्या गेल्यावर मी गार्गीला म्हटलं, तुझी सासू फार कोरडी आहे.

"आई, ती तशीच आहे," गार्गी म्हणाली. "इथले लोक कमीच बोलतात. तू खालीपिली परेशान नक्को होऊ."

मग जूनच्या मध्यावर एरिकने निरोप सांगितला. आईची इच्छा आहे की तुम्ही परत जाण्याआधी तिचं घर बघावं. ती स्वतः न्यायला येणार आहे, आणि बोटीनेच जायचं म्हणतेय. विमानाने गेलं तर पाऊण तासाचं अंतर, बोटीने अख्खी रात्र. बोटीनेच का, ते एरिकलाही माहीत नव्हतं. मला अजिबात जायचं नव्हतं. उरलेल्या दिवसांतले दोन दिवस मुलीपासून दूर का घालवायचे? पण गार्गीने हट्टच धरला, आणि मुलाच्या आईने बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, हाही प्रश्न होताच.

बोटीवर

बोट म्हणजे माझ्या डोळ्यासमोर जाहिरातीतलं पांढरंशुभ्र तरंगतं हॉटेल होतं. ही तशी नव्हती. आपल्याकडे गावागावांतून थांबत जाणारी बस असते ना, तशी ही बोट नॉर्वेच्या किनाऱ्याने बंदरं घेत घेत जाते. वर आमच्यासारखे लोक, खाली माल. बूडोला तिच्या पोटात बटाट्याची पोती, खिडक्यांच्या काचा, एक गुंडाळलेला गालिचा आणि कुणाचीशी लाल सायकल जाताना मी पाहिली. प्रवाशांत दाताच्या डॉक्टरकडे जाऊन परतणारी एक म्हातारी होती आणि फुटबॉलचा सामना हरून आलेल्या शाळकरी मुलींचा घोळका होता. त्या हरल्या होत्या हे इंगरबाईंनी सांगितलं नाही, मुलींच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर तेवढं कळतं.

साडेतीनला भोंगा झाला आणि धक्का मागे सरकू लागला. आम्ही हैदराबादची माणसं. आमचं मूळ गाव परभणीकडे, पण आजेसासऱ्यांपासून मंडळी शहरातली. पाणी म्हणजे आम्हाला हुसेनसागर, आणि त्याला चारी बाजूंनी रस्ता. इथे बंदर सुटलं आणि तासाभरात किनारा निळसर रेघेएवढा राहिला. पुढे बघावं तर आकाशाच्या खालच्या कडेला डोंगरांची एक लांबच लांब रांग उभी. करवतीच्या दात्यांसारखे सुळके, एकाला लागून एक, वरच्या घळींमध्ये अजून बर्फ. ही लोफोटेनची बेटं. तिथले लोक तिला भिंत म्हणतात आणि लांबून ती खरोखर भिंतच दिसते. जवळ जावं तशी तिच्यात दारं उघडत जातात. डोंगर मी पाहिले नाहीत असं नाही. आमच्या शहरात गल्लोगल्ली धोंड्यावर धोंडे रचलेले आहेत. पण ते उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे गोल आणि निवांत. हे पाण्यातून सरळ वर गेलेले, मध्ये कुठेही बसायला जागा नसलेले.

मी पुढच्या डेकवर उभी राहिले. साडीखाली लोकरीची विजार, वर एरिकचं जाकीट, डोक्याला घरून नेलेली कानटोपी, असा माझा अवतार होता. वारा किती आहे ह्याचा अंदाज मला आला नाही. कठड्याशी वाकले आणि पदर जाकिटातून सुटून तोंडावर आला. तो आवरायला दोन्ही हात लावले, तेवढ्यात कानटोपी उडाली. कठड्यावरून गेली, थोडा वेळ हवेत तरंगली आणि पाण्यावर पडली. सुलतान बाजारातून घेतलेली, दहा वर्षं वापरलेली टोपी. मी नुसती बघत राहिले.

मागून कुणीतरी माझ्या डोक्यावर काहीतरी ओढून बसवलं. गरम होतं. वळून पाहिलं तर इंगरबाई. त्यांनी स्वतःची लोकरी टोपी काढून मला घातली होती आणि आता ती माझ्या कानांवरून नीट खाली ओढत होत्या, लहान मुलाला घालावी तशी. त्यांचे पांढरे केस वाऱ्यात उभे राहिले होते. मी नको नको म्हटलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि मला दंडाला धरून आत नेलं.

आत काचेच्या मोठ्या खिडक्यांशी खुर्च्या होत्या. इंगरबाईंनी दोघींसाठी वॉफल आणले. हे आपल्या धिरड्यासारखं, पण चौकटी चौकटीचं आणि मऊ. त्यावर आंबटगोड मुरंबा आणि तपकिरी रंगाच्या चीजचे पातळ काप. ते चीज तोंडात घातलं आणि मला दुधाच्या भांड्याच्या बुडाची खरवड आठवली. तीच करपट गोडी, फक्त मीठ जास्त. मी आवडीने खातेय असं पाहिल्यावर त्यांनी आपल्या बशीतला कापही माझ्याकडे सरकवला. मग मी पिशवीतून उस्मानिया बिस्किटांचा पुडा काढला. बिस्किट कॉफीत बुडवायचं हे त्यांना मी दाखवलं. पहिलं त्यांच्या कपात पडून विरघळलं. दुसरं जमलं. त्यांच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू दिसलं, आणि ते अगदी एरिकचं हसू होतं.

आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी. मला वाचता चांगलं येतं, पण आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे बोलताना वाक्य अडतं. त्याही एकेक शब्द शोधून बोलत. म्हणून दोघीही कमी बोलत होतो, आणि मी मात्र त्यांच्या गप्प राहण्याला तुटकपणा समजत होते.

खाडीच्या मध्यावर

संध्याकाळचे सहा वाजले असतील. ऊन मात्र दुपारचंच होतं. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही. बूडो आणि बेटांमधल्या रुंद खाडीत बोट थोडी हलू लागली. इंगरबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मग हात करून म्हणाल्या, "एरिक इथे जन्मला."

मला वाटलं, समोरच्या एखाद्या बेटाबद्दल सांगतायत. मी विचारलं, त्या डोंगराखाली का?

"नाही. इथे. ह्या पाण्यावर."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे सलग लिहिते आहे, पण त्यांनी ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. मध्ये शब्द सापडेना तेव्हा त्या हाताने दाखवत, नाहीतर फोनमध्ये लिहून त्याचं इंग्रजी करून माझ्यापुढे धरत.

लग्नानंतर त्या समोरच्याच बेटांवर, स्टाम्सुन नावाच्या बंदराजवळ राहत. नवरा मासेमार. हिवाळ्याच्या शेवटी ह्या पाण्यात कॉड माशांचा मोठा हंगाम असतो आणि पुरुष दिवसचे दिवस समुद्रावर असतात. इंगरबाईंचे दिवस भरायला तीन आठवडे होते, पण रक्तदाब वाढला, पाय सुजले. सुईणीने बूडोच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं आणि रात्रीच्या बोटीत बसवून दिलं. बरोबर कुणी नव्हतं. त्यांची आई त्या नऊ वर्षांच्या असतानाच गेलेली. बोट खाडीत आली आणि वादळ सुरू झालं, त्यातच कळा आल्या. बोटीवर डॉक्टर नव्हता. कुठल्याशा शाळेत स्वयंपाक करणारी एक बाई प्रवास करत होती, तिने बाह्या वर केल्या. एरिक झाला. त्या बाईने त्याला पुसलं, स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि आईच्या हातात द्यायला पुढे केलं.

"मी हात मागे घेतले," इंगरबाई म्हणाल्या.



त्यांना भीती वाटली, एवढंच त्यांना सांगता आलं. कसलं भय ते आजही कळत नाही म्हणाल्या. बूडो येईपर्यंत त्या बाईनेच बाळाला छातीशी धरलं. धक्क्याला दवाखान्याची गाडी उभी होती, त्या गडबडीत ती बाई कुठे गेली ते कळलंही नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढेही कित्येक महिने इंगरबाई एरिकला दूध पाजत, कपडे बदलत आणि लगेच पाळण्यात ठेवत. उगाच म्हणून कधी मांडीवर घेतलं नाही. कसं घ्यायचं हे कुणी शिकवलं नाही, आणि कुणाला विचारावं तर लाज वाटे. हळूहळू तो मोठा झाला, धावत येऊन गळ्यात पडायला लागला, तेव्हा कुठे सुटलं सगळं. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तो पाच वर्षांपूर्वी आजारात गेला.

"ऑगस्टमध्ये तुम्ही नसाल," त्या म्हणाल्या. "गार्गी माझ्याकडे बघेल. मला काहीही येत नाही. घरी मुलं असतात, तिथे बोलता येत नव्हतं. म्हणून बोट."

बाहेर बेटं आता अगदी जवळ आली होती. डोंगराच्या पायथ्याशी लाल रंगाची लाकडी घरं दिसू लागली होती, अर्धी जमिनीवर, अर्धी पाण्यात रोवलेल्या खांबांवर. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मनात मला स्वतःची शरम वाटत होती. मी तीन महिने जिला कोरडी म्हणत होते, ती बाई आपल्याला जमणार नाही ह्या धास्तीने लांब बसत होती.

आमच्याकडच्या लग्नात मुलाच्या आईचा मान मोठा. तिचे पाय धुतात, तिला वेगळ्या पंगतीला बसवून आग्रहाने वाढतात, आणि मुलीच्या आईने तिच्याकडे काही मागायचं नसतं. माझ्या आईने माझ्या सासूबाईंकडे आयुष्यात पाण्याचा पेलाही मागितला नाही. मी घरातून निघाले तेव्हा माझ्याही अंगात तेच मुरलेलं होतं. पण तिथे, त्या खिडकीशी, मी मागितलं. त्यांचे दोन्ही हात धरून मी म्हटलं, "चाळीस दिवस तुम्ही गार्गीजवळ राहाल का? मला तुमच्याशिवाय कुणी नाही."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शिकवाल?"

आमची केबिन

स्टाम्सुनला बोट वीसच मिनिटं थांबली. फुटबॉलच्या मुली उतरल्या, त्यांना घ्यायला आलेल्या आयांनी आधी पिशव्या घेतल्या आणि मग मुलींना जवळ. आम्ही वरून बघत होतो. इंगरबाईंनी डोंगराच्या वळणामागे बोट दाखवलं. त्यांचं जुनं घर तिकडे होतं, आता विकलेलं.

जेवायला माशाचं सूप होतं. आम्ही मटण खाणारी माणसं, पण मासा आमच्या घरात शिजत नाही. मी दोन चमचे घेतले आणि मग पिशवीतून पोळ्या आणि तिळाची चटणी काढली. इंगरबाईंनी पोळीवर चटणी घेतली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी त्यांनी दुसरी पोळी मागितली.

केबिन छोटी. भिंतीला दोन पलंग, मध्ये दीड हात जागा. त्या जागेत मी त्यांना खाली बसवलं. बोटीवरचा मोठा टॉवेल गुंडाळून एका टोकाला रुमालाची गाठ बांधून डोकं केलं. पाय लांब करून बसायचं, बाळ नडगीवर आडवं नव्हे, उभं ठेवायचं, डोकं आपल्या पावलांकडे, मान नेहमी हाताखाली. मी सांगत होते आणि त्या तसं करत होत्या. त्यांचे पाय इतके लांब की पावलं दाराला टेकत होती. तेल आधी तळव्यांवर घासून कोमट करायचं. छातीवरून खांद्यांकडे, पोटावर गोल, पाय वरून खाली. त्यांचा हात सुरुवातीला ताठ होता. टॉवेलला त्या काचेचं भांडं धरावं तशा धरत होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवून फिरवला. थोड्या वेळाने माझा हात मी काढून घेतला, त्यांना कळलं नाही.

"तुम्ही गार्गीला अशीच आंघोळ घालत होता?" त्यांनी विचारलं.

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी खाडीत जे सांगितलं त्यानंतर ते बरं दिसलं नसतं. मी सांगितलं की गार्गीला मी एकदाही आंघोळ घातलेली नाही. आमच्याकडे यादम्मा नावाची बाई येत असे. गल्लीतल्या सगळ्या बाळांना तीच न्हाऊ घाले. ती तेलुगूत बाळाशी बोलत बोलत त्याला पायांवर उलटंपालटं करी, आणि मी खाटेवर डोक्याला फडकं बांधून बघत असे. माझी आई लाडू करी, यादम्मा आंघोळ घाले, सासूबाई धुरी देत. मी फक्त झोपले आणि दूध पाजलं. मला येतं ते सगळं बघून बघून.

हे सगळं इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी टॉवेलच्या बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. मलाही हसू आलं. दोन साठीच्या बायका, त्यातल्या एकीला धरता आलं नव्हतं आणि दुसरीने धुतलं नव्हतं, दाराला पाय लावून जमिनीवर बसून हसत होत्या. बोट हलली तेव्हा टॉवेल घसरला. इंगरबाईंनी तो झटकन मानेखाली हात घालून उचलला आणि उराशी धरला. मी म्हटलं, आता आलं तुम्हाला.

तेलाचं, पाण्याचं आधी तिथल्या नर्सला विचारायचं, ती नाही म्हणाली तर नाही, हेही मी दोनदा बजावलं. शेवटी ते तिथलं बाळ, तिथली हवा.

साडेअकराला बोट ट्रोलफ्योर नावाच्या चिंचोळ्या खाडीत शिरली, तेव्हा सगळे प्रवासी डेकवर आले. दोन्हीकडचे कडे इतके जवळ की हात लावावासा वाटे. वरून बर्फाचं पाणी पांढऱ्या दोऱ्यांसारखं उतरत होतं. खाडीच्या टोकाशी जाऊन बोट जागच्या जागी वळली.  पाण्यावर सावली होती आणि कड्यांच्या माथ्यांवर मध्यरात्रीचं ऊन, आपल्याकडे संध्याकाळी पाचला असतं तसं पिवळं. माझ्या डोक्यावर त्यांची टोपी होती आणि त्यांनी माझी शाल कानांवरून गुंडाळली होती. त्या रात्री मी पडदा लावला नाही. जाग आली तेव्हा तेव्हा बाहेर कुठलं तरी हिरवं बेट आणि दोनचार घरं सरकत जात होती, आणि पलीकडच्या पलंगावर विहीणबाई शांत झोपल्या होत्या.

हार्स्टा

हार्स्टाला सकाळी पावणेसातला उतरलो. चढावावर पिवळं लाकडी घर, पुढे सफरचंदाचं एकच झाड, त्यालाही मे संपल्यावर कुठे पालवी आलेली. तिथे चपला दारात काढतात, अगदी आपल्यासारखं. ते पाहून मला त्या देशाबद्दल आपलेपणा वाटला. दोन दिवसांत त्यांनी मला पाहुणी म्हणून बसू दिलं नाही आणि मीही बसले नाही. सुक्या मेव्याच्या दुकानातून खजूर, बदाम, खोबरं आणलं. डिंक माझ्या सामानात बूडोला होताच, तो नंतर पाठवायचं ठरलं. खजुराचे लाडू मी वळून दाखवले. त्यांनी एका जुन्या वहीत नॉर्वेजियनमध्ये सगळं उतरवून घेतलं, मध्येमध्ये चित्रं काढून: मूठ केवढी, लाडू केवढा, सुती फडकं डोक्याला कसं बांधायचं. वहीच्या वर त्यांनी मला विचारून "विहीण" असं त्यांच्या लिपीत लिहिलं. त्यांच्या भाषेत ह्या नात्याला असा एकच शब्द नाही म्हणाल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी एरिकला फोन केला. माझ्यासमोरच केला. मला भाषा कळत नव्हती, पण त्या काय सांगतायत ते कळलं, कारण त्या बोलताना खिडकीतून समुद्राकडे बघत होत्या.  मग पलीकडून एरिक काहीतरी म्हणाला आणि इंगरबाईंनी फोन ठेवून डोळे पुसले. काय म्हणाला ते मी विचारलं नाही. हा मजकूर लिहिण्याआधी मात्र मी त्यांना विचारलं, हे सगळं लिहू का. लिहा म्हणाल्या.

पुन्हा बूडो

गार्गी दारातच उभी होती. पोटावर हात ठेवून, आठव्या महिन्यातली बाई उभी राहते तशी. मला एकटीला खोलीत नेऊन विचारलं, कशी होती ट्रिप, बोअर झालीस का.

मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये त्या इथे येऊन राहणार आहेत. चाळीस दिवस."

"तिने सांगितलं?"

"मी मागितलं."

गार्गी पलंगावर बसली. तिला रडू यायला लागलं की ती आधी चिडते, लहानपणापासून. ती चिडूनच म्हणाली की मला का नाही विचारलंस, मी तिला काही म्हणत नव्हते कारण मला वाटायचं तिला आवडणार नाही, तिला बाळबीळ आवडत नाही असं वाटायचं. मग आवाज बारीक झाला. "आई, तू जाणार ना, मला खूप भीती वाटायली होती. तुला सांगितलं असतं तर तू अजून रडली असतीस."

मी तिला जवळ घेतलं. त्या महिन्यांत ती मला भीती नाही म्हणून सांगत होती आणि मी तिला. संध्याकाळी ह्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोर्टात ऐकत तसं मध्ये न बोलता, आणि शेवटी म्हणाले, "विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. आणि तू आता रडायलीस कशाला?"

जूनच्या शेवटी मी परत आले. विमानतळावर एरिक, गार्गी आणि त्यासाठी मुद्दाम आलेल्या इंगरबाई असे तिघं होते. तिथे लोक सहसा मिठी मारून निरोप घेत नाहीत, निदान त्या पिढीचे तरी. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

चिक्कडपल्ली

मुलगी झाली. ऑगस्टमध्ये, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसाच्या चार दिवस आधी. एरिकने दवाखान्यातून फोटो पाठवले, ह्यांनी हिमायतनगरहून पेढे आणून जिन्यातल्या सगळ्या घरांत वाटले. गार्गी दिसली, थकलेली आणि सुंदर. पण पहिले काही दिवस फोनवर जे दिसत होतं ते घाईत, कुणाच्या तरी हातातून हललेलं.

बारा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी वरणाला फोडणी देत होते आणि फोन वाजला. इंगरबाई. त्यांनी स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता. तिथे तेव्हा सकाळचे साडेसहा.  मी गॅस बंद केला, ह्यांना हाक मारत बाहेरच्या खोलीत आले आणि फोन उचलला.

त्या गार्गीच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. घर शांत होतं. मुलं झोपलीत, अशी त्यांनी मान तिरकी करून खूण केली. त्यांच्या डाव्या कोपरात बाळ होतं, डोकं उघडं, केस तेलाने चपचपीत. त्याला पाळण्यात ठेवायची काहीच घाई त्यांना दिसत नव्हती. आमच्यात भाषांतर करायला कुणी नव्हतं, आणि त्यांनी बोलायचा प्रयत्नही केला नाही. फोन हळूहळू बाळाच्या तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

मला वाटलं, ह्या काय दाखवतायत. मग कळलं की दाखवत नव्हत्या, ऐकवत होत्या. पण आमच्या खोलीत पंख्याची घरघर चालली होती आणि काही ऐकू येईना.

हे खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात ठेवून भिंतीपर्यंत गेले आणि पंखा बंद केला. परत येऊन माझ्या शेजारी फोनकडे कान लावून उभे राहिले. पाती थांबेपर्यंत आम्ही थांबलो. मग तो बारीक श्वास ऐकू आला, येत होता आणि जात होता.